स्वतःची साक्ष : आत्मचरित्र कसे लिहावे

नवी दिल्लीच्या दक्षिण भागात सरोजिनी नगर नावाची वसाहत आहे. स्वातंत्र्यानंतर राजधानीतील केंद्र सरकारचा कारभार झपाट्याने वाढला आणि देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या कर्मचाऱ्यांसाठी निवासस्थाने बांधणे भाग पडले. त्या गरजेतून ही वसाहत उभी राहिली. प्रारंभी या भागास विनय नगर म्हणत. पुढे त्यास सरोजिनी नायडू (१८७९–१९४९) यांचे नाव मिळाले. आसपासच्या वसाहतींना नेताजी, नौरोजी, लक्ष्मीबाई अशी नावे आहेत. जुने नाव मात्र एका बंगाली शाळेच्या पाटीवर टिकून राहिले.

सरकारी निवासस्थानाचा एक नियम लहानमोठ्या सर्व नोकरांना लागू असतो : घर नोकरीबरोबर मिळते आणि नोकरीबरोबर जाते. ज्या अंगणात वीस-पंचवीस वर्षे तुळस वाढविली, ज्या खिडकीत उन्हाळ्यात कूलर बसविला, त्या घराच्या दारावर निवृत्तीनंतर थोड्याच दिवसांत दुसऱ्या नावाची पाटी लागते. २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने दिल्लीतील सात सरकारी वसाहतींच्या पुनर्बांधणीस मान्यता दिली, त्यांत सरोजिनी नगरचा समावेश होता. मग जुनी घरे पाडून उंच इमारती उभारण्याचे काम सुरू झाले. पूर्वी निदान पाटी बदलली तरी भिंत उरत असे. आता भिंतही उरली नाही. अशा घरात ज्याचे आयुष्य गेले, त्याला ते आयुष्य दाखविण्यासाठी कागदाखेरीज दुसरी जागा राहिलेली नाही.

समजा, सातारा जिल्ह्यातील एका खेड्यातून १९७२ साली कनिष्ठ लिपिक म्हणून दिल्लीस आलेला एक गृहस्थ आहे. काही वर्षे भाड्याच्या खोलीत काढल्यावर त्याला सरोजिनी नगरात दोन खोल्यांचे क्वार्टर मिळाले. मुले पहाडगंजच्या नूतन मराठी विद्यालयात शिकली. २०१० साली, वयाच्या साठाव्या वर्षी, तो निवृत्त झाला. आता मुलगी म्हणते, ‘बाबा, तुम्ही सगळे लिहून काढा.’ तो वही आणतो, पहिल्या पानावर ‘माझा जन्म’ असे दोन शब्द लिहितो आणि थांबतो. हा गृहस्थ कल्पित असला, तरी त्याची अडचण खरी आहे. प्रस्तुत प्रकरणात त्याच अडचणीचा क्रमाक्रमाने विचार करावयाचा आहे.

सामान्य माणसाचा अधिकार

पहिली शंका बहुधा अशी असते : ‘मी कोणी थोर पुरुष नव्हे, माझे चरित्र कोण वाचणार?’ मराठी वाङ्मयाचा इतिहास या शंकेला स्पष्ट उत्तर देतो. १८५७ साली कोकणातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे गरीब भिक्षुक कर्ज फेडण्यापुरते द्रव्य मिळावे म्हणून उत्तर हिंदुस्थानात गेले. मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, तेथे दक्षिणा मिळेल, अशी त्यांची अपेक्षा होती. ते बंडाच्या धामधुमीत सापडले आणि झाशीच्या वेढ्याच्या वेळी त्या शहरातच होते. पुष्कळ वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून, त्यांनी ही हकीकत लिहून काढली. ‘माझा प्रवास’ या नावाने ती १९०७ साली प्रसिद्ध झाली. त्या वेळी वैद्यांनी मूळ मजकुरात फेरफार केले होते. भटजींचा मूळ मजकूर दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली प्रसिद्ध केला.

गोडसे भटजी सेनापती नव्हते, मुत्सद्दीही नव्हते. कित्येक तारखांच्या बाबतीत त्यांची स्मृती त्यांना दगा देते. तथापि काल्पीच्या वाटेवरील विहिरीजवळ भेटलेली, धुळीने माखलेली, तहानलेली राणी त्यांनी पाहिली, आणि भटजींना पाणी काढण्याचे कष्ट न देता तिने स्वतःच पाणी काढून ओंजळीने प्यायल्याचे लिहून ठेवले. लढायांचे वृत्तांत इतरत्र मिळतात. ही ओंजळ इतरत्र मिळत नाही. थोरपणामुळे आत्मचरित्र लिहिण्याचा अधिकार मिळतो असे नव्हे. ज्याने काही प्रत्यक्ष पाहिले आणि जो ते जसेच्या तसे सांगण्यास तयार आहे, त्याला हा अधिकार आहेच. सरोजिनी नगरातील लिपिकाने पहाटे दिल्ली दूध योजनेच्या केंद्रासमोर रांग लावली असेल, तर त्या रांगेचा तो अधिकृत साक्षीदार होय.

पाहिलेले आणि कळलेले

आत्मचरित्राचा लेखक हा साक्षीदार आहे, असे एकदा मानले म्हणजे पुढील नियम आपोआप निघतो : साक्षीदाराने स्वतः पाहिलेले आणि मागाहून कळलेले यांची सरमिसळ करू नये. हा नियम सोपा दिसतो. पाळण्यास तो सर्वांत कठीण आहे.

२९ ऑक्टोबर २००५ रोजी, दिवाळीच्या तोंडावर, खरेदीची गर्दी असताना सरोजिनी नगरच्या बाजारात बॉम्बस्फोट झाला. त्याच संध्याकाळी पहाडगंज व गोविंदपुरी येथेही स्फोट झाले. तिन्ही ठिकाणी मिळून साठांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुसंख्य सरोजिनी नगरच्या बाजारातील होती. त्या वसाहतीत राहणारा कोणीही आपल्या आत्मचरित्रात हा दिवस वगळू शकणार नाही. परंतु येथेच मोह उभा राहतो. ‘दहाच मिनिटांपूर्वी मी त्या दुकानापाशी होतो’ हे वाक्य लेखणीच्या टोकाशी येते. प्रत्यक्षात तो त्या वेळी घरी चहा घेत असेल, धडाक्याचा आवाज कोणाच्या तरी फटाक्याचा म्हणून त्याने सोडून दिला असेल, आणि खरी बातमी शेजारणीने दार ठोठावून सांगितली असेल. त्याने तेच लिहावे. आवाज ऐकूनही तो काय होता हे न कळणे, मग कळणे, मग मुलगा अजून घरी आला नाही हे आठवणे : हा क्रम खरा आहे, आणि खरा आहे म्हणूनच तो वाचकाच्या काळजाला भिडतो. मृतांचा आकडा दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातील आहे; तो वर्तमानपत्राच्या नावावरच मांडावा.

यासाठी एक साधी युक्ती उपयोगी पडते. कच्चा मजकूर लिहिताना वहीच्या पानावर समासाची रेघ मारावी. उजवीकडे स्वतः पाहिलेले, ऐकलेले, केलेले लिहावे. डावीकडे मागाहून वाचलेले किंवा इतरांनी सांगितलेले लिहावे. अंतिम मजकुरात दोन्ही येतील, पण ‘असे पुढे कळले’, ‘वडील सांगत’ या शब्दांनी त्यांच्यातील सीमारेषा कायम राहील. स्थळांच्या नावांनाही हाच न्याय लावावा. ज्या काळी लोक विनय नगर म्हणत होते, त्या काळच्या प्रसंगात विनय नगरच लिहावे.

कागदांची मदत

स्मृती ही प्रामाणिक असली तरी विसरभोळी असते, आणि विसरलेली जागा रिकामी ठेवणे तिला आवडत नाही. म्हणून आठवणींना कागदाचा आधार द्यावा. निवृत्त कर्मचाऱ्याच्या पेटीत असा आधार त्याला वाटतो त्याहून पुष्कळ अधिक असतो : नेमणुकीचा आदेश, सेवापुस्तिकेतील नोंदींच्या नकला, निवासस्थान मिळाल्याचे पत्र, शिधापत्रिका, बँकेची जुनी पासबुके, मुलांची प्रगतिपुस्तके, लग्नपत्रिका, आणि विशेषतः गावाकडून आलेली पोस्टकार्डे.

या कागदांकडून तारखा मिळतात हा त्यांचा दुय्यम उपयोग होय. स्मृतीने रचलेली सोयीची कथा ते मोडून काढतात, हा मुख्य उपयोग. आपल्या गृहस्थास असे वाटत आले असेल की, आपण केवळ स्वतःच्या महत्त्वाकांक्षेने दिल्लीस आलो. मग १९७२ सालचे वडिलांचे कार्ड हाती लागते. त्या वर्षी महाराष्ट्रात भीषण दुष्काळ होता. क्षेमकुशल, पाऊस नाही, धाकटी दुष्काळी कामावर खडी फोडावयास जाते, आणि शेवटी एका ओळीत, बैल विकले. त्याखाली ‘तू काळजी करू नये’. हे कार्ड पुन्हा वाचल्यावर महत्त्वाकांक्षेची कथा तशीच लिहिता येणार नाही. त्या महिन्यात त्याने घरी किती रुपयांची मनीऑर्डर पाठविली, हे आठवण्याचा प्रयत्न त्याने करावा. आणि पाठविली नसेल, तर तसे लिहावे.

तेव्हाचा मी आणि आताचा मी

आत्मचरित्रात ‘मी’ हा एकच शब्द दोन माणसांसाठी वापरला जातो. एक, ज्याच्या बाबतीत घटना घडल्या तो. दुसरा, जो आज बसून त्या लिहीत आहे तो. पहिल्याला पुढे काय होणार हे ठाऊक नव्हते. दुसऱ्याला सर्व ठाऊक आहे. दुसऱ्याने पहिल्याच्या तोंडी स्वतःचे शहाणपण घातले, की पुस्तक खोटे वाटू लागते.

दया पवार यांनी ‘बलुतं’ (१९७८) या आत्मकथनात हा भेद उघडपणे मांडला. तेथे शहरात नाव मिळविलेला दया पवार आणि महारवाड्यात वाढलेला दगडू मारुती पवार हे एकमेकांसमोर येतात, आणि हकीकत दगडू सांगतो. प्रत्येकाने हीच रचना योजावी असे नव्हे. परंतु लिहिताना प्रत्येक लेखकाने स्वतःस विचारावे : हे वाक्य दोघांपैकी कोणाचे आहे?

धोंडो केशव कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ साली प्रसिद्ध झाले. कर्व्यांची लहानपणची एक हकीकत सर्वश्रुत आहे. परीक्षेला बसण्यासाठी ते कोकणातील मुरुडहून घाट चढून पायी साताऱ्यास गेले. पण वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही, आणि ते हात हलवीत परतले. पुढे महिला विद्यापीठ स्थापन करणाऱ्या पुरुषाच्या आयुष्यात हा प्रसंग क्षुल्लक ठरावा. पण त्या मुलाच्या दृष्टीने ती सारी पायपीट व्यर्थ गेली होती, आणि पुढे विद्यापीठ होणार आहे हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते. अशा प्रसंगी अपयशाला त्या दिवशी जेवढे वजन होते तेवढेच वजन द्यावे; मागाहूनच्या यशाने ते हलके करू नये.

घरातील इतर माणसे

आत्मचरित्र एकट्याने लिहिले जाते, पण त्यात येणारे आयुष्य एकट्याचे नसते. पत्नी, भावंडे, कचेरीतील वरिष्ठ, शेजारी, ही सर्व माणसे लेखकाच्या संमतीविना त्याच्या आयुष्यात आली आणि आता त्यांच्या संमतीविना त्याच्या पुस्तकात येणार आहेत. त्यांपैकी बहुतेकांना उत्तर देण्याची संधी मिळणार नाही.

कर्व्यांच्या घरात ही संधी मिळाली, हे मराठी वाङ्मयाचे भाग्य होय. १८९३ साली कर्व्यांनी बालविधवा गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. त्याच पुढे आनंदीबाई, अर्थात बाया कर्वे. त्यांचे ‘माझे पुराण’ १९४४ साली प्रसिद्ध झाले. एकाच संसाराची ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली म्हणजे ध्यानात येते की, नवरा ज्याला संस्थेचे कार्य म्हणतो, त्याच काळाला बायको घरातील ओढाताण म्हणून ओळखते. दोघेही खरे बोलत असतात. म्हणून प्रत्येक लेखकाने आपल्या घरात एक न लिहिलेले पुस्तक आहे असे समजून लिहावे. आपला गृहस्थ ‘दिल्लीत आम्ही सुखाने राहिलो’ असे लिहितो, तेव्हा त्याने पत्नीस हे वाक्य वाचून दाखवावे. हिंदीचा गंध नसताना तिने भाजीवाल्याशी घातलेली पहिली घासाघीस, पहिल्या बाळंतपणात माहेरचे कोणी जवळ नसणे, हे तिच्याकडून कळले तर ‘आम्ही’ या शब्दाचा अर्थ बदलेल.

ज्या व्यक्तीचे दोष सांगावयाचे आहेत तिच्याविषयी दोन कसोट्या लावाव्या. तो दोष सांगितल्याशिवाय लेखकाच्या स्वतःच्या वागण्याचा अर्थ लागत नाही का? लागत असेल, तर तो गाळावा. आणि तेवढ्याच कठोरपणे लेखकाने स्वतःचा दोष कोठे सांगितला आहे का? नसेल, तर प्रथम तो सांगावा.

अवघड पान

प्रत्येक आयुष्यात एक पान असे असते की, ते टाळण्यासाठीच माणूस बाकीची दोनशे पाने लिहितो. ते बहुधा दुःखाचे पान नसते. दुःख सांगण्यास माणूस लाजत नाही. ज्या दिवशी आपण करावयास हवे होते ते केले नाही, त्या दिवसाचे ते पान असते.

३१ ऑक्टोबर १९८४ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांना गोळ्या घातल्यानंतर अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत नेण्यात आले. ही संस्था सरोजिनी नगरपासून फार दूर नाही. त्या संध्याकाळी शिखांवरील हल्ल्यांना याच परिसरात सुरुवात झाली, आणि पुढील तीन दिवसांत दिल्लीत सरकारी मोजणीप्रमाणे २,७३३ माणसे मारली गेली. सरकारी वसाहतींत सर्व प्रांतांचे, सर्व धर्मांचे लोक भिंतीला भिंत लावून राहत असत. समजा, आपल्या गृहस्थाच्या जिन्यावर एक शीख कुटुंब राहत होते. समजा, त्या रात्री दारावर थाप पडली, आणि त्याने दार उघडण्यापूर्वी क्षणभर विचार केला. तो क्षण किती लांबला? दार उघडले की दिवा मालवला? दुसऱ्या दिवशी जिन्यावर गाठ पडली तेव्हा कोण कोणाच्या डोळ्याला डोळा देऊ शकले नाही?

अशा पानावर तीन गोष्टी टाळाव्या. पहिली, ‘त्या वेळी सर्वांनीच तसे केले’ हे वाक्य. साक्ष एकट्याची आहे, सर्वांची नाही. दुसरी, पश्चात्तापाचे प्रदर्शन. दोन पाने भरून स्वतःला दोष देणारा मनुष्यही स्वतःविषयीच बोलत असतो, आणि दाराबाहेर उभी असलेली माणसे तशीच उभी राहतात. तिसरी, क्षमेची मागणी. ती देण्याचा अधिकार वाचकाला नाही. काय घडले, किती वाजता, कोण काय बोलले, स्वतः काय केले, एवढेच लिहून थांबावे. दार उघडले असेल, तरी तेवढ्याच साधेपणाने लिहावे. हे पान ज्याने खरे लिहिले, त्याच्या उरलेल्या पानांवर वाचक विश्वास ठेवतो. ज्याने ते गाळले, त्याचे पुस्तक सुरस झाले तरी त्यात कोठे तरी पोकळ आवाज येतो.

भाषा, आरंभ आणि शेवट

भाषेसंबंधी थोडेच सांगणे पुरे. लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचे शालेय शिक्षण नव्हतेच म्हटले तरी चालेल. कवी नारायण वामन टिळक यांच्या त्या पत्नी. १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा लक्ष्मीबाईंच्या आयुष्याची घडी विस्कटली. काही वर्षे पतिपत्नींची ताटातूट झाली. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये हे सर्व त्यांनी बोलावे तसे लिहिले आणि स्वतःची फजिती सांगताना हात आखडता घेतला नाही. कचेरीत तीस-चाळीस वर्षे टिपणे लिहिलेल्या माणसाने हे पुस्तक अवश्य वाचावे. ‘सदर इसमास कळविण्यात आले’ या भाषेत आईचा मृत्यू सांगता येत नाही.

ज्याला लिहिणे जमत नाही त्याने सांगावे आणि दुसऱ्याने उतरवून घ्यावे. अभिनेत्री हंसा वाडकर यांनी आपली जीवनकथा अरुण साधू यांना सांगितली. ती ‘सांगत्ये ऐका’ या नावाने १९७० साली ग्रंथरूपात आली आणि तिच्या आधारे श्याम बेनेगल यांनी ‘भूमिका’ (१९७७) हा चित्रपट काढला.

आरंभ जन्मापासूनच करावा असा नियम नाही. स्वतःचा जन्म कोणालाच आठवत नाही; म्हणजे साक्षीदार आपली साक्ष न पाहिलेल्या गोष्टीपासून सुरू करतो. म्हणून वही घेऊन प्रथम राहत्या घराचा नकाशा काढावा : दार कोठे, चूल कोठे, कोणाची खाट कोणत्या भिंतीशी, सकाळचे ऊन कोणत्या खिडकीतून. नकाशात माणसे उभी करावी. ती बोलू लागतील तेथून लिहावे. रोज एक प्रसंग, एक-दोन पाने, एवढे पुरे. क्रम शेवटी लावता येतो.

शेवट कोठे करावा, याचे एक उदाहरण महात्मा गांधींनी घालून दिले आहे. त्यांची आत्मकथा १९२५ ते १९२९ या काळात ‘नवजीवन’ साप्ताहिकात गुजरातीत क्रमशः प्रसिद्ध झाली. पण तिच्यातील हकीकत त्यांनी १९२० च्या नागपूर काँग्रेसच्या सुमारास थांबविली, कारण तेथून पुढचे त्यांचे जीवन लोकांसमोरच घडत होते. ज्या ठिकाणी लेखकापाशी सांगण्यासारखे वेगळे काही उरत नाही, तेथे थांबावे.

आपल्या गृहस्थाने ‘माझा जन्म’ हे दोन शब्द खोडले आहेत, असे समजू. त्याखाली त्याने दोन खोल्या, एक पडवी आणि मागचे अंगण यांचा नकाशा काढला आहे. जिन्यासमोरच्या दारावर त्याने शेजाऱ्यांचे नाव लिहिले आहे. ती इमारत आता जागेवर नाही. त्या जिन्यावर कोण कोठे उभे होते, हे आता त्याच्या वहीत येईल तेवढेच राहणार आहे.